गांडुळं नकोत, कोष आणा



गांडूळ खताच्या मागच्या भागानंतर बडोदा, हैदराबाद, बेळगाव, भोपाळ अशा गावांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "डबा तयार केला, गांडुळं आणून सोडली आणि आठवड्याभरात ती मेली. आता पुन्हा आणू का?" उत्तर देण्याआधी कबूल करतो की माझीही मेली आहेत. एकदा नाही, दोनदा.

निवृत्तीनंतर आम्ही महूला घर केलं. इंदूरजवळचं हे छावणीचं गाव. माळव्याचं पठार, हवा एरवी छान, पण एप्रिल-मे महिन्यांत इथेही पारा चाळीसच्या वर जातो. पहिल्याच वर्षी भर एप्रिलमध्ये मी एक किलो गांडुळं कुरिअरने मागवली. पाच दिवसांनी खोकं आलं, त्याच्या आधी वास आला. उघडलं तर आत काळपट चिकट लगदा. हिने दारातूनच बजावलं, "अहो, ते घरात आणायचं नाही." दुसऱ्या वेळी मी स्वतः जाऊन गांडुळं आणली, म्हणजे वाटेत मेली नाहीत. पण डब्यात मी गोठ्यातलं ताजं शेण भरलं होतं. ताजं शेण कुजताना तापतं, त्यातून अमोनियाही सुटतो. सकाळी निम्मी गांडुळं भिंतीवर आणि फरशीवर वाळलेली, उरलेली डब्यात मेलेली. ही चूक कुणा विक्रेत्याची नव्हती, माझीच होती. छत्तीस वर्षं जवानांना "आधी जागा बघा, मग तंबू ठोका" असं सांगणाऱ्या माणसाने जागा न बघता पलटण उतरवली होती.

तिसऱ्या वेळी जमलं. डबा दीड वर्ष उत्तम चालला. मग हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं आणि एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत आम्ही घराबाहेर होतो. शेजारच्या मुलाला पाणी शिंपडायला सांगून गेलो होतो. त्याने पंधरा दिवस शिंपडलं, मग तो मामाकडे गेला. परत आलो तेव्हा डब्यातला माल वरून विटेसारखा कडक झालेला. उकरून पाहिलं, एकही जिवंत गांडूळ नाही. तळाशी मात्र ओंजळभर भाग अजून दमट होता, कारण डबा जिन्याखाली, उत्तरेच्या भिंतीला टेकून होता. सगळं पेरूच्या झाडाखाली ओतायचं असं ठरवलं. पण सामान लावायचं होतं, हिचे व्यायाम होते, पाऊसही सुरू झाला होता. मी त्यावर दोन तांबे पाणी ओतलं, गोणपाट टाकलं आणि विसरलो.

साधारण तीन आठवड्यांनी गोणपाट उचललं तर त्याच्या ओल्या पाठीला दोऱ्यासारखी, जेमतेम अर्ध्या इंचाची, फिकट गुलाबी पिल्लं चिकटलेली. मोजली, एकवीस निघाली. मोठी गांडुळं सगळी गेली होती, पण जाण्याआधी ती मागे राखीव फौज ठेवून गेली होती. त्या दिवसापासून मी कुणालाही नवा डबा सुरू करायला गांडुळं देत नाही. कोष देतो.

हा कोष म्हणजे काय, ते आधी बघू.

गांडूळ हे नर आणि मादी एकाच देहात असलेलं जनावर आहे. तरीही खताची गांडुळं सहसा जोडीनेच पुनरुत्पादन करतात. दोघं एकमेकांना उलट दिशेने चिकटतात, एकमेकांचं बीज घेतात आणि वेगळी होतात. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर, डोक्याच्या बाजूला, एक फुगीर पट्टा दिसतो. पुस्तकात त्याला क्लायटेलम म्हणतात, आपण पट्टा म्हणू. हा पट्टा चिकट स्रावाचं एक कडं तयार करतो. गांडूळ त्या कड्यातून मागे मागे सरकतं, जसा आपण घट्ट स्वेटर डोक्यावरून काढतो तसं. कडं पुढे सरकताना त्यात गांडुळाची स्वतःची अंडी पडतात आणि जोडीदाराकडून साठवलेलं बीजही. शेवटी कडं डोक्यावरून निसटतं, दोन्ही टोकं मिटतात आणि एक बंद पिशवी तयार होते. तो कोष. आत अंडी आणि त्यांच्या पोषणाचा द्रव. त्यानंतर आईबाप त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

विक्रेते याला "अंडी" म्हणतात. बोलायला ठीक आहे, पण हिशेबाला चूक आहे, कारण एका कोषातून एकच पिल्लू निघतं असं नाही. आपल्याकडे खतासाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, त्याच्या एका कोषातून सरासरी दोन-तीन पिल्लं निघतात. कधी एक, कधी चारसुद्धा.

कोष ओळखायचा कसा? मोहरीपेक्षा मोठा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा लहान. आकार लिंबाचा, म्हणजे टोकांना निमुळता. नुकता पडलेला कोष फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतो. दिवस जातात तसा तो मधासारखा आणि मग तपकिरी होतो. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की त्याला लालसर झाक येते, कारण आतल्या पिल्लांचं रक्त सालीतून दिसू लागतं. मोबाइलचा टॉर्च खालून लावून पाहा, आत हालचालसुद्धा दिसते. माझ्या नातवाने हे एकदा पाहिलं आणि तासभर टॉर्च सोडला नाही.

फसवणारे दाणे बरेच असतात. फोडणीतली मोहरी सर्रास सापडते, पण ती अगदी गोल आणि टणक असते. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत रासायनिक खताचे पिवळट मणी असतात, तेही गोल. रिकामे कोषही असतात, हलके, चिमटलेले, टोकाला फाटलेले. त्यांना धरून मोजणी करू नका.

आता ते मिळवायचे कुठून. सगळ्यात सोपा मार्ग लोकांना सुचत नाही. जवळपास कुणी गांडूळ खत तयार करत असेल, शेतकरी असो, गोशाळा असो, महापालिकेची बाग असो, त्याच्याकडून आजच काढलेलं, ओलसर खत पाच किलो मागा. कोष लहान असल्याने खत चाळलं तरी ते चाळणीतून खताबरोबर खाली येतात. विकणारा ते खत म्हणून विकतो, आपण ते बियाणं म्हणून विकत घेतो. दुकानात उन्हात ठेवलेली, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, भुकटीसारखी कोरडी पिशवी मात्र या कामाची नाही. त्यात खत असेल, जीव राहिला असेलच असं नाही.

घरी आणल्यावर दोन चाळणी घ्या. गव्हाच्या चाळणीतून आधी चाळलं की काड्या आणि ढेकळं वर राहतात. खाली पडलेलं रव्याच्या चाळणीतून चाळलं की बारीक खत खाली जातं आणि कोष वर राहतात, बाकी कणांसोबत. आमच्या घरात या दोन चाळण्या आता वेगळ्या आहेत आणि त्यांच्यावर लाल रंगाची खूण आहे. ती खूण कशी आली ते सांगत नाही. खत फार ओलं असेल तर चिकटतं, म्हणून तासभर सावलीत पसरून मग चाळा. उन्हात नाही.

मग दहा कोषांची परीक्षा. ही मी कधीच टाळत नाही. जुन्या डब्याच्या झाकणात ओला टिश्यू पेपर, त्यावर दहा कोष, वर आणखी एक ओला कागद आणि सैल झाकण. अंधाऱ्या जागी ठेवायचं, कागद वाळू द्यायचा नाही. हवा 25 अंशांच्या आसपास असेल तर लाल गांडुळाचे कोष साधारण तीन ते चार आठवड्यांत फुटतात. आपल्याला मिळालेल्यांपैकी काही आधीच दोन आठवड्यांचे असतात, म्हणून पहिली पिल्लं लवकरही दिसतात. दहांपैकी सात फुटले तर माल चांगला. दोनच फुटले तर निराश होऊ नका, फक्त डब्यात जास्त कोष घाला. ही परीक्षा चालू असताना बाकीचे कोष डब्यातच असतात, वाट बघत बसायचं नाही.

डब्याबद्दल मागच्या भागात सविस्तर बोललो आहे, इथे फक्त कोषांसाठी जे वेगळं लागतं ते. वीस लिटरची रंगाची बादली पुरते. तळाला आणि कडेला वर, दोन्हीकडे भोकं. तळाची पाण्यासाठी, वरची हवेसाठी. आत फाडलेला पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, सुकी पानं आणि निदान महिनाभर जुनं, वास गेलेलं, थंड शेण. शेण मिळत नसेल, आणि शहरात ते मिळत नाहीच, तर त्याच खत देणाऱ्याकडून अर्धवट झालेलं खत आणा. नारळाचा भुसा वापरत असाल तर तो दोन-तीनदा पाण्यातून काढा, कारण त्यात खार असू शकतो. वर मूठभर साधी माती. गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटात जात्यासारखा एक स्नायूंचा भाग असतो, तिथे मातीच्या कणांनी अन्न दळलं जातं. पिल्लांनाही हे बारीक कण लागतात.

ओलावा किती? मूठभर माल पिळला तर एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर जास्त, काहीच नाही पडलं तर कमी. कोष वरच्या दोन इंचांत पसरायचे, खोल पुरायचे नाहीत. वर ओलं गोणपाट. आणि डबा पाण्याच्या मोटरजवळ किंवा वॉशिंग मशीनवर ठेवू नका. चार्ल्स डार्विनने 1881 मध्ये गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्याने घरात कुंड्यांत गांडुळं पाळली होती. त्यांच्यासमोर पियानो वाजवला, पिपाणी वाजवली, गांडुळांनी दखल घेतली नाही. पण कुंडी पियानोवरच ठेवली आणि सूर वाजवला, तेव्हा हादऱ्याने ती झटकन बिळात गेली. त्यांना ऐकू येत नाही, थरथर मात्र नेमकी कळते.

यानंतरचा महिना सगळ्यात अवघड, कारण करायला काहीच नसतं. आणि रिकामा माणूस डबा उकरतो.

माझा फजितीचा किस्सा याच काळातला. एकवीस पिल्लं सापडल्यानंतर मला उत्साह आला आणि मी कोष वेचून दुसरा डबा लावला. दहाव्या दिवशी आत शेकडो पांढरे, बारीक, दोऱ्यासारखे जीव दिसले. मी आनंदाने कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं "नवी भरती दाखल". लोकांनी अभिनंदन केलं. शेजारच्या सुभेदार साहेबांनी पेढे मागितले, ते मी दिलेही. चार आठवडे झाले तरी भरती पांढरी ती पांढरीच. वाढ नाही, रंग नाही. ते गांडुळाचे पिल्लू नव्हतेच. कुंडीतल्या कुजक्या मालात सापडणारा गांडुळाचाच एक दूरचा, लहान भाऊबंद होता तो, इंग्रजीत त्याला पॉट वर्म म्हणतात. घातक नसतो, कुजवायला मदतच करतो, पण तो फार झाला तर डबा आंबट आणि जास्त ओला झाला आहे एवढं समजावं. हिने तेव्हापासून रोज सकाळी विचारायला सुरुवात केली, "अहो, तुमचे रंगरूट आले का?"

फरक असा. पॉट वर्म दुधासारखा पांढरा आणि अपारदर्शक असतो आणि तसाच राहतो. गांडुळाचं पिल्लू निघताना फिकट असतं, पण काचेसारखं, आणि भिंग धरलं तर त्याच्या अंगातून जाणारी लाल रेष दिसते. ती रक्तवाहिनी. दोन-चार दिवसांत पिल्लू गुलाबी होतं. लाल रेष दिसल्याशिवाय पेढे वाटू नका.

आता हिशेब, आणि या सगळ्या भागातलं हे सर्वात महत्त्वाचं. कोषांपासून लावलेले डबे उष्णतेने कमी बिघडतात, चुकीच्या हिशेबाने जास्त.

समजा तुम्ही शंभर कोष घातले. सत्तर फुटले. दीडशे ते दोनशे पिल्लं निघाली. काही मरणार, हे धरून चाला. वयात येईपर्यंत सव्वाशे उरली तर छान. पूर्ण वाढलेलं लाल गांडूळ साधारण अर्ध्या ग्रॅमचं. म्हणजे सगळी मिळून साठ ग्रॅमच्या आसपास. गांडूळ रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातं असं म्हणतात. तेही अन्न कुजलेलं आणि हवा अनुकूल असेल तेव्हा. म्हणजे तुमची सगळी फौज मिळून रोज तीस ग्रॅम खाणार. एका केळ्याची साल.

आणि आपल्या घरातून ओला कचरा निघतो किती? आम्ही दोघंच आहोत, तरी रोज अर्धा किलो. पाहुणे आले तर विचारू नका. माणूस डबा लावतो तोच कचरा संपवण्यासाठी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळा कचरा त्यात ओततो. जिथे अजून एकही तोंड जन्माला आलेलं नाही, तिथे अर्धा किलो जेवण रोज. ते सडतं, तापतं, आंबट होतं, पाणी सुटतं, चिलटं येतात, शेजारी तक्रार करतात आणि पिल्लं कोषातून बाहेर पडतात ती थेट त्या चिखलात. मग लोक म्हणतात, कोषांतून काही निघालंच नाही.

अर्धा किलो रोज संपवायला साधारण एक किलो गांडुळं हवीत, म्हणजे दोन हजार. शंभर कोषांपासून दोन हजारांपर्यंत पोचायला किती वेळ? कोष फुटायला महिना. पिल्लाच्या अंगावर पट्टा यायला आणखी सहा ते आठ आठवडे. म्हणजे तुमच्या डब्यात जन्मलेली गांडुळं स्वतः कोष घालू लागतात ती तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला. त्यानंतर एक गांडूळ चांगल्या हवेत आठवड्याला दोनेक कोष देतं. सव्वाशे गांडुळं महिन्याला हजाराच्या आसपास कोष देतील. पण त्या कोषांतली पिल्लं मोठी व्हायला पुन्हा तेवढेच तीन महिने. म्हणून घरचा सगळा कचरा पेलणारा डबा सहाव्या महिन्यात उभा राहतो. गणपतीनंतर लावला तर संक्रांतीच्या सुमारास घरची पहिली कोषांची फसल आणि पाडव्याच्या पुढेमागे पूर्ण ताकद. आमच्याकडे थंडीत गती मंदावते, त्यामुळे थोडं उशिराच. पाचशे कोषांनी सुरुवात केली तर मधला काळ बराच कमी होतो, पण पहिले तीन महिने कुणालाच चुकत नाहीत.

मग तोवर कचऱ्याचं काय? दुसऱ्या बादलीत सुक्या पानांबरोबर साधं कंपोस्ट करा, किंवा आत्ता जसा देता तसा घंटागाडीला द्या. गांडुळांच्या डब्यावर हे ओझं टाकू नका.

पहिले कोष फुटेपर्यंत खायला काहीही घालायचं नाही. बिछान्यातच पुरेसं आहे. पिल्लं दिसली की आठवड्यातून दोनदा, एका कोपऱ्यात, एक मोठा चमचा. आधीच मऊ पडलेलं अन्न: केळीच्या सालीचे तुकडे, दुधी किंवा पडवळाची साल, कलिंगडाचा पांढरा गर. खरं तर गांडूळ भाजीपेक्षा भाजीवर वाढणारे जिवाणू आणि बुरशी खातं. पिल्लाचं तोंड तर टाचणीच्या टोकाएवढं. म्हणून ताजी कोबीची पानं घालून ती वाट बघत बसतात, कुजलेली घातली तर लगेच गोळा होतात. मागचं संपल्याशिवाय पुढचं घालू नका. हा नियम पाळलात तर बाकीचे नियम विसरलात तरी चालेल.

चहाचा चोथा चालतो, पण आपण दूध-साखर घालून उकळतो, तेव्हा धुऊन. अंड्याची टरफलं वाटून चिमूटभर, आंबटपणा कमी होतो. लिंबू, संत्र्याच्या साली, कांदा, लसूण, लोणचं, फोडणीची भाजी, मीठ असलेलं काहीही, ताक-दही, तेल, मांसमच्छी, यातलं काही नको. मोठ्या गांडुळांनी क्वचित सहन केलं तरी पिल्लं करत नाहीत.

ठिकाणाप्रमाणे काय बदलायचं, हे पत्रांतून बरेच विचारतात. दिल्ली, लखनौकडच्यांनी सप्टेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत लावावं. जानेवारीच्या कडाक्यात कोष मरतील असं नाही, पण फुटायला फार वेळ घेतील. थंडीत थांबून राहणं हेच तर कोषाचं काम. नागपूर, रायपूर, हैदराबादकडे मार्च ते जून टाळा. 35 अंशांच्या वर आतला माल तापला की लाल गांडुळाची खैर नाही, आणि कोषांनाही मर्यादा असतेच. माझे कोष वाचले ते जिन्याखालच्या सावलीमुळे आणि तळाच्या ओलीमुळे, काही चमत्कार नव्हे. आमच्या माळव्यात जुलै उत्तम. बेंगळूरुवाल्यांचा हेवा वाटतो, ते कधीही लावू शकतात. गोवा, कोकण, केरळकडे उष्ण आणि दमट हवेत आफ्रिकेहून आलेलं मोठं गांडूळ, युड्रिलस, चांगलं चालतं. त्याला थंडी मात्र अजिबात सोसत नाही, म्हणून उत्तरेतल्या कुणी स्वस्त मिळतं म्हणून ते घेऊ नये. पेरिओनिक्स हे आपलं देशी गांडूळ. चपळ, निळसर झाक असलेलं, पावसाच्या रात्री डबा सोडून फिरायला निघणारं. चेन्नईचे डॉ. सुलतान इस्माईल यांनी देशी गांडुळांवर फार मोलाचं काम केलं आहे, या विषयात रस असेल तर त्यांची व्याख्यानं जरूर ऐका.

आणि बागेतली माती उकरून मिळालेली गांडुळं डब्यात घालू नका. मातीत बिळं करून राहणारी जात वेगळी, पालापाचोळ्याच्या थरात राहणारी वेगळी. पहिलीला डबा म्हणजे तुरुंग.

शत्रूंबद्दल दोनच गोष्टी. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडला आहे, पाणी शिंपडा आणि बादली विटांवर ठेवून विटा पाण्याच्या थाळ्यात ठेवा. गोम दिसली तर चिमट्याने काढा, ती पिल्लं खाते. खाली गळणारं काळं पाणी म्हणजे व्हर्मीवॉश, असं समजून झाडांना जसंच्या तसं घालणारे बरेच भेटतात. ते कुजक्या अन्नाचं पाणीही असू शकतं. वास येत असेल तर फेकून द्या. नसेल तर दहापट पाणी घालून वापरा.

सहा महिन्यांनी खत काढाल तेव्हा आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत येता. खत चाळलं की कोष त्याच्याबरोबर जाणार. मी काढलेलं खत लगेच कुंड्यांना घालत नाही. वेगळ्या कुंडीत दमट ठेवतो आणि मध्ये कलिंगडाची एक फोड उपडी ठेवतो. तीन-चार आठवड्यांत त्या काळात फुटलेली पिल्लं त्या फोडीखाली गोळा होतात. फोडीसकट उचलून डब्यात परत. असं दोनदा केलं की खत वापरायला मोकळं.

वाटायचे असतील तर कोष पाठवणं गांडुळं पाठवण्यापेक्षा कितीतरी सोपं. औषधाची रिकामी रुंद डबी, झाकणाला दोन बारीक भोकं, आत पिळून घेतलेला नारळाचा भुसा, त्यात पन्नास कोष. खायला लागत नाही, हवा फारशी लागत नाही, आठवडाभराचा प्रवास सहज सोसतो, फक्त डबी उन्हातल्या गाडीत राहू द्यायची नाही. यावर्षी दिवाळीला लेक बेंगळूरुहून आली होती, जाताना तिच्या पर्समध्ये अशी एक डबी दिली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोटो आला, ओल्या कागदावर दोन पांढऱ्या दोऱ्या, खाली लिहिलं होतं, "बाबा, आले!" मी विचारलं, लाल रेष दिसते का? ती म्हणाली, भिंग शोधते. रात्री साडेअकराला उत्तर आलं. एकाला होती.